नग तीन

मास्क मला नवा नव्हता.
शिरसोली रस्त्यावरच्या लॅबमध्ये
अकरा वर्षं मी तोंड बांधून केळी कापते.
केळी म्हणजे घड नाही,
बोटाच्या पेराएवढा कोंब.
त्याचे दोन, दोनाचे चार,
काचेच्या बाटलीत, जेलीवर, ट्यूबलाइटच्या उन्हात.
एका बाटलीत बुरशी दिसली
की शेजारच्या दहा बाटल्यांसकट उकळून टाकायची.
त्यामुळे मार्चमध्ये सगळं गाव हात धुवायला शिकत होतं
तेव्हा मला थोडं हसू आलं होतं.

आमचे तिघं तेव्हा जळगावच्या दवाखान्यात गोठून होते,
फेब्रुवारीपासून,
उणे एकशे शहाण्णव.
पाचव्या दिवसाचे आहेत, छान आहेत,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.
सव्वीस तारखेला त्यातला एक आत ठेवायचा ठरलं.
चोविसाला तरन्नुम सिस्टरचा फोन:
ताई, गोळ्या बंद करा. सगळंच थांबवलंय.
कधीपर्यंत?
तिकडून नुसता पंख्याचा आवाज.

इंजेक्शनं राहिली फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे.
लाइट गेली की लीलाधर बर्फ शोधत फिरायचा,
त्रेचाळीस डिग्रीत, उघडा, घामानं निथळत.
त्यांच्यावर मुदत जूनची होती.
माझं वय फ्रिजबाहेर.
एप्रिलात चाळिसावं लागलं.

पास मात्र मला मिळाला.
शेती, अत्यावश्यक. मृगबागेची रोपं थांबत नाहीत.
अजिंठा चौफुलीवर हवालदार काठी आडवी धरायचा:
कुठं?
केळी, मी म्हणायचे,
आणि तो सोडायचा.
दवाखाना त्याच वाटेवर, शटर अर्धं खाली.
तिथं जायचं असतं
तर कुठला शब्द सांगितला असता मी त्याला?

त्या अखाजीला एकही लेक माहेरी आली नाही.
लिंबाला झोका टांगलाच नाही कुणी.
पारोळ्याहून आईचा फोन:
जेवनी का वं पोरी?
एवढंच.
दुसरं काही तिनं बारा वर्षांत विचारलं नाही,
आणि तेच मला प्रत्येक फोनमध्ये ऐकू येतं.

पुढच्या एप्रिलात सासूबाईंचं बोट क्लिपमध्ये.
शहाऐंशी. मग ब्याऐंशी.
बेड मिळाला तो पायऱ्यांजवळ.
पतपेढीतून काढून ठेवलेले
त्या तिघांच्या नावचे एक लाख चाळीस हजार
चार रात्रींत गेले.
नोटा मोजताना लीलाधरनं माझ्याकडे पाहिलं नाही.
मी म्हटलं, दे.
खोटं कशाला बोलू,
म्हणायला एक क्षण लागला.
तो क्षण अजून माझ्याकडेच आहे.

त्याच आठवड्यात ऐकलं, गॅसचे टँकर सगळे ऑक्सिजनला लावलेत.
सिस्टर, आपला नायट्रोजन?
आहे ताई, रोज पट्टी बुडवून बघते.
बाहेर माणसं श्वासासाठी रांगेत
आणि मी श्वास न घेणाऱ्या तिघांची चौकशी करत होते.
लाज वाटून फोन ठेवला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

सासूबाई वाचल्या.
ओट्यावर बसून गल्लीतल्या पोरांच्या बोटांना
ती क्लिप लावतात,
अठ्ठ्याण्णव! म्हणून ओरडतात.
माझ्या पोटाकडे बघणं त्यांनी सोडलंय.
त्याचाच जास्त त्रास होतो.

दर फेब्रुवारीत पावती येते.
वार्षिक भाडं. नग : ३.
खाली दोन चौकटी, पुढे ठेवायचे, नाही ठेवायचे.
लीलाधर टोपण काढून पेन पुढे करतो
आणि उगाच गाडी पुसायला बाहेर जातो.

परवा लॅबमध्ये रोपांचा हिशेब लिहिताना
नगाच्या रकान्यात
मी वीस हजार तीन लिहिलं.
भंगाळे साहेबांनी चष्मा वर केला,
लाल पेनानं
तीन खोडले.